साडेचार इंची भिंत

त्या सकाळी भिंतीतून उत्तर आलं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. आईने ओट्यामागच्या भिंतीवर नेहमीसारखा बत्ता ठोकला, पलीकडून आवाज आला आणि आई नेहमीसारखं स्वतःशीच "उठले" म्हणाली. पाण्याचा दिवस होता. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं बाकीचं सगळं, सकाळचा चहासुद्धा, थांबतं. आईने मोटर लावली, मी नळी धरून पिंपापाशी उभी राहिले. शेजारची मोटर काही सुरू झाली नाही. हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलं होतं. "सर इसरले वाटतं," आई म्हणाली, "आपलं झालं की सांगते जाऊन." आपलं व्हायला दुपार झाली. आई गेली तेव्हा बिराजदार सरांच्या दाराच्या कडीला सकाळची दुधाची पिशवी तशीच लटकत होती. त्यांची एक किल्ली आमच्याकडे असायची. आई ती घेऊन आत गेली, मी स्वयंपाकघरात फरशी पुसत होते, आणि मला आईच्या हाका ऐकू आल्या त्या दारातून नाही, भिंतीतून. "सर... अहो सर..." मग आवाज थांबला. भिंत इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, झोपेत गेले, त्रास झालेला दिसत नाही. आईने विचारलं, "कधी?" ते म्हणाले, "रात्री कधीतरी, नाहीतर पहाटे. इतकं नेमकं नाही सांगता येत, ताई." आईने माझ्याकडे पाहिलं. भिंतीतून उत्तर आलं तेव्हा आमच्या खिडकीत चांगलं ऊन आलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे सरांची मुलगी मेधाताई बेंगळुरूहून पोचली. मग सरांना त्यांच्या गावी, दुधनीला नेलं आणि त्यांच्या शेतात, त्यांच्या रीतीप्रमाणे, बसवून माती दिली. मी गेले नव्हते. पण डोळ्यांपुढे ते तसेच येतात, मांडी घालून बसलेले, समोर कोणी विद्यार्थी असल्यासारखे.

सर आमचे शेजारी आणि माझे शिक्षक. सोलापुरातल्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये कधी शिरले हे त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. आम्ही या बिल्डिंगमध्ये राहायला आलो तेव्हा मी शाळेत होते आणि काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, हयात होत्या. भिंतीवर ठोकायला सुरुवात काकूंनी आणि आईने केली. दोघींचे ओटे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, पाठीला पाठ लावून. दार उघडून, चप्पल घालून, बेल वाजवून विचारायचा कंटाळा. मग आई बत्त्याने ठोकायची, काकू लाटण्याने उत्तर द्यायच्या, आणि दोघी एकाच वेळी आपापल्या दारात हजर व्हायच्या. भाकरी गरम आहे, लाईट फक्त आमचीच गेली का, चहा टाकलाय... सगळं त्या ठोक्यांमध्ये मावायचं. माझी आई वळसंगची, मोजकं बोलणारी. मला वाटतं ती सोलापुरात रुळली ती या भिंतीमुळे.

काकू गेल्यावर भिंत काही दिवस मुकी झाली. मग एका सकाळी आईला राहवलं नाही. सर उठले का, खाल्लं का, विचारायचं कसं? तिने बत्ता उचलला आणि ठोकला. बराच वेळ काही नाही. मग पलीकडून दोन ठोके आले, सावकाश, एकमेकांपासून नीट अंतर ठेवून. आई म्हणाली, "उठले," आणि चहाचं आधण ठेवलं. त्या दिवसापासून रोज तेच. तिने ठोकायचं, सरांनी दोनदा उत्तर द्यायचं, आईने "उठले" म्हणायचं आणि मी सरांच्या चहाचा कप झाकून पलीकडे न्यायचा. सर ठोकायचे ते त्यांच्या लाकडी मीटर पट्टीने. दोन्ही टोकांना पितळ बसवलेली, आकडे पुसट झालेली, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्तीच्या दिवशी त्यांच्याबरोबर घरी आलेली. काकू जिथे झारा अडकवायच्या त्याच खिळ्याला ती पट्टी सुतळीने टांगलेली असायची. सर स्वयंपाक करतच नव्हते. त्यांनी आपलं टेबल स्वयंपाकघरात आणलं होतं आणि ओट्यावर, गॅसच्या जागी, फळा टेकवून ठेवला होता.

मी त्यांना एकदा विचारलं, दोनदाच का ठोकता. म्हणाले, "एक ठोका कशाचाही असू शकतो. भांडं पडतं, दार आपटतं, वरचे लोक काहीतरी सरकवतात. दोन ठोके म्हणजे माणूस."

हे विचारायलाही मला कितीतरी महिने लागले होते. मी लहानपणापासून इंग्रजी शाळेत शिकले. घरी आईची मराठी, शाळेत इंग्रजी, आणि कॉलेजात गेल्यावर कळलं की माझी दोन्हीही दुसऱ्यांना थोडी विचित्र वाटतात. म्हणून मी बोलणंच कमी केलं. बीएस्सीला फिजिक्स घेतलं तेव्हा आई म्हणाली, शेजारी एवढे मोठे सर आहेत, जाऊन विचार की. मी वही घेऊन निघायचे, त्यांच्या दारापर्यंत जायचे आणि बेल न वाजवता परत यायचे. दार बहुतेक वेळा उघडंच असायचं. असं पुष्कळदा झाल्यावर एके दिवशी मी परत वळले आणि आतून आवाज आला, "अनघा, बा. कूडु." ये, बस. मी आत गेले. सर फळ्याकडे तोंड करून उभे होते, वळलेही नव्हते.

"तुझ्या चपलांचा आवाज मी रोज ऐकतो," ते म्हणाले. "दारापर्यंत येतो, परत जातो. मी म्हटलं आज हिला हिचंच गणित दाखवू."

त्यांनी फळ्यावर एक आडवी रेघ काढली आणि मध्ये तिला खाली उतरवली, पायरीसारखी. म्हणाले, हा उंबरठा, पण उलटा. पलीकडची जमीन खाली आहे. इलेक्ट्रॉन डावीकडून येतोय, पुढे उतार आहे, अडवायला कोणी नाही. काय होईल? मी म्हटलं, जाईल. "गोटी असती तर गेली असती. इलेक्ट्रॉन असेल तर काही वेळा परत फिरतो. पुढे भिंत नाही, दार उघडं आहे, तरी परत. का? फक्त इथे काहीतरी एकदम बदलतंय म्हणून." त्यांनी खडूने पायरीच्या कोपऱ्यावर टकटक केलं. "त्याला भीती वाटते असं मी म्हणणार नाही. त्याला काही वाटत नाही. पण तुला वाटतं, म्हणून तुला हे लवकर कळेल."

पुढची दोन-तीन वर्षं मी त्या स्वयंपाकघरात शिकले. त्यांची एक अट होती. उत्तर इंग्रजीत बरोबर आलं तरी ते मान्य नाही, तेच मराठीत सांगायचं, आणि असं सांगायचं की भिंतीपलीकडे आईला सांगता आलं पाहिजे. "तुझं सगळं पाठ आहे," ते म्हणायचे, "पण ते घशाखाली उतरलेलं नाही. आईला सांगता येतं का बघ. नाही आलं तर तुला आलेलं नाही." मी ओशाळून पुन्हा वहीत बघायचे. आणि आई पलीकडून ऐकत असायची हे मला आत्ता आत्ता कळलं.

भिंतीचा धडा त्यांचा सगळ्यात आवडता. फळ्याचे ते तीन भाग करायचे. डावीकडे मोकळी जागा, मध्ये भिंत, उजवीकडे पुन्हा मोकळी जागा. इलेक्ट्रॉनकडे भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा नाही. जुन्या नियमाने तो आपटून परत यायला हवा, विषय संपला. पण त्याची लाट भिंतीच्या तोंडाशी थांबत नाही, आत शिरते. "बाहेर लाट झुलते," सर म्हणायचे, "भिंतीच्या आत ती झुलत नाही. नुसती विझत जाते. विझत जाते, पण पूर्ण विझत नाही. आणि भिंत पुरेशी पातळ असेल तर विझून जायच्या आत तिला पलीकडची बाजू सापडते." मग ते आमच्या सामाईक भिंतीवर थाप मारायचे. तिथला गिलावा आतून सुटला होता, पोकळ वाजायचा. "आपल्या बिल्डरने खर्च वाचवायला ही साडेचार इंची घातली. नऊ इंची घातली असती तर वहिनींना, तुझ्या आईला, मी मेलो की जगलो ते कळलं नसतं. जाडी दुप्पट केली की पलीकडे पोचणारं निम्मं होत नाही, बघ. होत्याचं नव्हतं होतं."

पहिल्यांदा ती आकृती माझ्याकडून काढून घेतली तेव्हा मी एक चूक केली. उजवीकडची लाट मी बारीक तर काढलीच, शिवाय तिला ताणून लांबट केलं, दमल्यासारखी. मला वाटलं, एवढ्या भिंतीतून आल्यावर इलेक्ट्रॉनची थोडी शक्ती खर्च झालीच असणार. सर माझ्याकडे बघत राहिले. ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नसत. डस्टरने त्यांनी फक्त तेवढाच भाग पुसला.

"सगळे हीच चूक करतात," ते म्हणाले. "अर्धा जन्म शिकवलेले मास्तरसुद्धा. तो दमून बाहेर पडत नाही, अनघा. त्याची ऊर्जा तेवढीच असते, गेला तेवढीच. कमी होते ती फक्त तो पलीकडे सापडायची शक्यता. म्हणजे बहुतेक वेळा तो येतच नाही. पण येतो तेव्हा पुरता येतो. अर्धा इलेक्ट्रॉन कोणी पाहिलेला नाही."

संध्याकाळची वेळ होती, पलीकडे आई भाकऱ्या थापत होती आणि तो थापण्याचा आवाज भिंतीतून येत होता.  

सरांना राग आलेला मी एकदाच पाहिला. त्यांचे एक पाहुणे आले होते, काकूंच्या नात्यातले. बोलता बोलता ते म्हणाले की आता विज्ञानानेच सिद्ध केलंय, आत्मा भिंतीतून जातो, तुमचं ते क्वान्टम म्हणजे तेच की. काकूंना जाऊन फार दिवस झाले नव्हते. सरांनी हातातला चहा खाली ठेवला. "माणसाला लावू नका," ते म्हणाले. "माणूस भिंतीतून जायची शक्यता लिहायची तर शून्यापुढे एवढी शून्यं येतील की लिहिणारे संपतील, शून्यं संपणार नाहीत. ते इलेक्ट्रॉनचं आहे, इलेक्ट्रॉनपाशी राहू द्या. माणसाचं माणूस बघून घेईल." पाहुणे गेल्यावर ते बराच वेळ त्या खिळ्याकडे, पट्टीकडे बघत बसले होते. मग मला म्हणाले, "बाकी तुझ्या आईला मी नसलो तरी उत्तर मिळतं, माहितीये? एखाद्या सकाळी मी अंथरुणातच असतो आणि माझं उत्तर आधीच गेलेलं असतं." आणि हसले. मला तो विनोद कळला नाही. मला त्यांचे अर्धे विनोद कळायचे नाहीत, मी हसून मोकळी व्हायचे.

आता सर गेल्यानंतरचं लिहिते. मेधाताई दिवस झाल्यावर बेंगळुरूला परत गेली. जाताना किल्ली आमच्याकडेच ठेवली, घरातलं काही हलवलं नाही, म्हणाली, पुढच्या सुट्टीत येऊन बघते. माझे बाबा बदलीवर बाहेरगावी, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. आईने भिंतीवर ठोकणं साहजिकच बंद केलं होतं. पण मला आणखी काहीतरी बंद झालेलं जाणवत होतं आणि ते काय हे लक्षात यायला वेळ लागला. आमच्या घरात शेंगाची चटणी विकतची आली होती. आई लोखंडी खलबत्त्यात शेंगा कुटते, तेल सुटेपर्यंत, आणि तिच्या मते विकतची चटणी म्हणजे तिखट लावलेला भुगा. मी पुडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघायला लागली. खलबत्ता ओट्यावर नव्हता. तो तिने बाल्कनीत, कपड्यांच्या बादलीमागे ठेवला होता.

"आई, काय झालं?"

"काय न्हाई. हात दुखतोय."

"दोन्ही?"

तिने कणीक मळायला घेतली. बराच वेळ मळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी कुटायला लागले की पलीकडनं वाजतंय."

मी पुडी बाजूला सरकवली.

"मी थांबले की थांबतंय. पुन्ना कुटलं की पुन्ना. मी घाबरत न्हाई, अनू. सर मला काय करणार हायेत? आयुष्यात कधी आवाज चढवला न्हाई त्या माणसानं." तिचे हात थांबले. "पण त्या दिवशी सकाळी एकच वाजलं हुतं. दोन न्हाई. मला तवाच कळलं हुतं एकच वाजलंय, आन् उशिरानं वाजलंय. पण पाणी आलेलं. मी म्हटलं, उठले. आन् मोटर लावली." मग तिने ते विचारलं, जे बहुधा त्या दिवसापासून तिच्या आत होतं. "ते उत्तर हुतं का हाक हुती? एवढंच मला सांग. दुसऱ्यांदा वाजवायची ताकद नसंल त्यांच्यात. मी हितं पाणी भरत बसले आन् तितं ते..."

"डॉक्टर म्हणाले ना, झोपेत."

"डॉक्टर म्हणाले रात्री न्हाईतर पहाटे. मग सकाळी वाजवलं कुणी?"

 दोन्ही बाजूंनी ते तितकंच वाईट होतं. सर पहाटे गेले असतील तर सकाळी त्या घरात कोणी नव्हतं आणि कोणीतरी वाजवलं होतं. सर तेव्हा जिवंत असतील तर त्यांनी मदत मागितली होती आणि आई "उठले" म्हणाली होती. आई म्हणाली, "तुमच्या त्यात असतंय की भिंतीतनं जायाचं. मी ऐकलंय सगळं, सर तुला सांगायचे ते. इझत जातंय पण पुरतं इझत न्हाई. मग ते तसलं काय असंल, तर तसं सांग. मला चालंल."

तिला चालणार होतं. आणि हो म्हणणं फार सोपं होतं. हो आई, तसलंच काहीतरी, ते तुला सांगून गेले. ती त्या दिवशी शांत झोपली असती. पण माझ्या कानात "माणसाला लावू नका" वाजत होतं, आणि दुसरंही, की आईला सांगता आलं नाही तर तुला आलेलं नाही. मी म्हटलं, तसलं काही नाही. आई हळूच "बरं" म्हणाली, आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला कुटायला सांगितलं. बाल्कनीतून खलबत्ता मीच आणला, शेंगा मीच टाकल्या. भर दुपार होती, बाहेर उन्हाने रस्ता पांढरा पडलेला, बिल्डिंगमध्ये पंख्यांशिवाय आवाज नव्हता. आई कुटायला लागली. आधी काहीच नाही. मग... पलीकडच्या रिकाम्या, कुलूप लावलेल्या घरातून कोणीतरी ठोकलं. जोरात नाही. थोडं उशिराने, विचार करून ठोकल्यासारखं. एकदा. आई थांबली. भिंत थांबली. आईने माझ्याकडे पाहिलं, आता तुला पटलं ना, अशा नजरेने.

मी किल्ली घेतली. आई म्हणाली, "जाऊ नको एकटी." मी म्हटलं, "तू इथे ठोक. मी आत गेल्यावर हाक मारीन, मग ठोक." दारापर्यंत गेले आणि खरं सांगते, वळले, परत निघाले. माझ्या चपलांचा आवाज माझा मलाच ऐकू आला. दारापर्यंत, आणि परत. आतून या वेळी कोणी "बा" म्हणणार नव्हतं. मग मी चपला तिथेच काढल्या आणि आत गेले.

घर कोंदट झालं होतं. स्वयंपाकघरात सगळं होतं तसंच. टेबल, टेबलावर आदल्या दिवशीचा माझाच झाकणीसकट राहिलेला कप, ओट्यावर फळा, फळ्याखाली खडूची पांढरी धूळ. आणि खिळ्यावर पट्टी. मी भिंतीपासून जरा दूर, मधोमध उभी राहिले आणि आईला हाक मारली. माझा आवाज मला फार मोठा वाटला. पलीकडून बत्त्याचा ठोका आला. मी तो ठोका आयुष्यभर आमच्या बाजूने ऐकला होता, त्यांच्या बाजूने पहिल्यांदाच ऐकत होते. तो तिथे ठोक्यासारखा वाटत नव्हता. भिंतच आतून एकदा श्वास घेते तसा वाटला. सुटलेला गिलावा थरथरला आणि खिळ्यावरची पट्टी हलली. अगदी किंचित भिंतीपासून सुटली, जणू कोणी बोटाने उचलली, आणि परत येऊन तिचं खालचं पितळी टोक भिंतीला लागलं.

ठक्. एकदाच.

"अनू? तू वाजवलंस?" आईचा आवाज भिंतीतून आला.

"नाही," मी म्हटलं. मग मला सरांचा तो विनोद कळला. माझं उत्तर आधीच गेलेलं असतं. त्यांना ठाऊक होतं. आपण अंथरुणात असलो तरी पट्टी वहिनींना उत्तर देते हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांनी तसंच राहू दिलं होतं. नंतर उठून ते आपले दोन ठोके द्यायचे, आणि आधीच्या त्या एका ठोक्याकडे आईचं लक्षच जायचं नाही. त्या सकाळीही पट्टीने आपलं काम केलं होतं. फक्त त्यानंतर द्यायचे दोन राहिले.

मी घरी आले आणि आईला सांगायला तोंड उघडलं. पट्टी, गिलावा, कंपन, खिळा... माझे शब्द नेहमीसारखे अडखळायला लागले, अर्धे इंग्रजीत, अर्धे कुठलेच नाहीत. आई ऐकत होती पण तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. तिला वाटत होतं, मी तिला बरं वाटावं म्हणून रचतेय. मी बोलायचं थांबवलं. तिच्या हातातला बत्ता काढून घेतला, किल्ली तिच्या हातात दिली. "तू जा. पट्टीसमोर उभी राहा. कशाला हात लावू नकोस. मी इथून ठोकते."

सर गेलेले आढळले त्या दुपारनंतर ती त्या घरात गेलेली नव्हती. ती पदर नीट करून गेली, कोणाकडे पाहुणी म्हणून जावं तशी. मी तिची पावलं ऐकली, कुलूप ऐकलं, मग भिंतीपलीकडे, अगदी जवळ, बांगड्यांचा आवाज आला. "हाय मी हितं," ती म्हणाली.

मी ठोकलं. एक क्षण काही नाही. मग उशिराने, बोदा, एकच ठोका आला.  मी पुन्हा ठोकलं. पुन्हा एकच. "बघितलंस?" मी विचारलं.  मी आणखी एकदा ठोकलं, एकच आला, आणि त्यानंतर बराच वेळ कोणीच काही वाजवलं नाही. मला ती दिसत नव्हती, पण ऐकू येत होती. ती रडत होती, आणि ते रडणं घाबरलेल्या माणसाचं नव्हतं. मधेच ती म्हणाली, मला नाही, "हाक न्हवती व्हय ती, सर. हाक न्हवती." मग नाक ओढल्याचा आवाज. मग सुतळी खिळ्यावरून निघाल्याचा, लाकूड हातात घेतल्याचा.

आणि मग भिंतीतून दोन ठोके आले. सावकाश, एकमेकांपासून नीट अंतर ठेवून.

मला माहीत होतं पलीकडे आई आहे. मीच तिला पाठवलं होतं. तरीही त्या क्षणी स्वयंपाकघरातली हवा बदलली, आणि माझ्या तोंडून, अगदी आईच्या सुरात, निघून गेलं, "उठले." माझा हात चहाच्या डब्यावर होता.

आता खलबत्ता पुन्हा ओट्यावर आला आहे. मेधाताई सुट्टीत येऊन गेली. घर भाड्याने द्यायचं ठरतंय. तिने पट्टी मला देऊ केली. आई म्हणाली, कोणी राहायला येईपर्यंत असू दे तिथेच, खिळ्यावर. सकाळी ती ठोकते, एक ठोका परत येतो, ती म्हणते, "पट्टी जागी हाय," आणि आमच्या दोघींपुरता चहा टाकते. तिला पुन्हा झोप लागते, जेवण जातं.

मी मात्र माझं टेबल स्वयंपाकघरात, त्या भिंतीला लावून घेतलंय. परीक्षा जवळ आली आहे. खाली रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर जातो, वरच्या मजल्यावर कोणीतरी काही सरकवतं, आणि पलीकडच्या बंद घरात पट्टी एकदा वाजते. ते काय आहे हे मला पक्कं माहीत आहे, कोणालाही मराठीत समजावून सांगता येईल इतकं. तरी पेन थांबतं. मी मान वर करते आणि दुसऱ्या ठोक्याची वाट बघते.